तेल संपणार कधी? प्रश्न विहिरीवाल्याला विचारून बघा

आमच्या मामांनी दिवाळीत ट्रॅक्टरच्या शोरूममधलं पत्रक माझ्यापुढे टाकलं आणि विचारलं, "पन्नास वर्षांत तेल संपणार म्हणतेत. मग हे घ्यावं का नाही?" मामांचं वय बहात्तर. पन्नास वर्षांनंतरच्या डिझेलची काळजी त्यांनी करावी याचं मला हसू आलं, पण ट्रॅक्टर नातवासाठी घ्यायचा होता. तेव्हा प्रश्न रास्तच होता.

मी पाचवी-सहावीत होतो तेव्हा, म्हणजे १९८० च्या दशकात, आमच्या गुरुजींनी फळ्यावर लिहून दिलं होतं : खनिज तेल, आणखी तीस वर्षं. ती तीस वर्षं केव्हाच उलटली. त्या हिशेबाने एव्हाना पंपावर पिंपळ उगवायला हवा होता. झालं उलटंच, आकडा तिसावरून पन्नासावर गेला! गुरुजी थापा मारत नव्हते, आणि आज पन्नास म्हणणारेही मारत नाहीत. दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत. त्यांचा अर्थ मात्र आपण लावतो तो नाही.

पन्नास वर्षं आली कुठून?

तेल मोजतात बॅरलमध्ये. एक बॅरल म्हणजे १५९ लिटर, घरातल्या पाण्याच्या पिंपापेक्षा थोडं कमी. जग रोज साधारण १० कोटी बॅरल तेल पितं. जमिनीखाली 'सिद्ध साठा' आहे अंदाजे १.७ लाख कोटी बॅरल. साठ्याला वर्षाच्या खपाने भागलं की उत्तर पन्नासच्या आसपास येतं. हा एवढाच भागाकार आहे.

खोच आहे ती 'सिद्ध' या शब्दात. जमिनीखाली आहे ते सगळं तेल त्यात धरत नाहीत. जे सापडलेलं आहे आणि आजच्या तंत्राने, आजच्या भावात काढायला परवडतं, तेवढंच धरतात. म्हणजे व्याख्येतच पैसा बसलाय. भाव वाढला की काल न परवडणारं तेल आज परवडू लागतं आणि जमिनीखाली एक थेंबही न वाढता साठा वाढतो. कॅनडाचं उदाहरण घ्या. त्या देशाचा साठा ५०० कोटी बॅरलच्या आसपास धरला जायचा. २००२ च्या अखेरीस तिथल्या डांबरी वाळूतलं तेल हिशेबात धरलं आणि एका फटक्यात आकडा १८,००० कोटींवर गेला. वाळू तिथेच होती, लाखो वर्षं. बदललं ते खातेवहीतलं पान.

त्यामुळे 'पन्नास वर्षं' याला मुदत समजू नका. दुकानात आज लावलेला माल इतके दिवस पुरेल, असं दुकानदार म्हणतो ना, तसं ते आहे. गोदामाचं वेगळं, आणि पुढच्या खेपेचंही वेगळं.

विहिरीत किती, आणि पंप किती उचलतो

मराठवाड्यात वाढलेल्या माणसाला तेलाचं शास्त्र शिकवायला फार वेळ लागत नाही, कारण त्याने विहीर पाहिलेली असते. आमच्या विहिरीला मे महिन्यात दोन तास मोटर चालायची, मग फुटबॉल, म्हणजे पाण्यात बुडवलेल्या पाइपाच्या टोकाची झडप, उघडा पडून हवा ओढायला लागायचा. मोटर बंद करायची, पाझराचं पाणी साचेपर्यंत चार तास वाट बघायची, की पुन्हा दोन तास. पाणी होतं का? होतं. उसाला पुरत होतं का? नव्हतं. "विहिरीत किती पाणी आहे" असं गावात कुणी विचारत नाही. विचारतात, "किती तास चालती?"

तेलाचंही तसंच. ते जमिनीखाली तळ्यासारखं साचलेलं नसतं. स्पंजातल्या पाण्यासारखं दगडाच्या बारीक छिद्रांत मुरलेलं असतं. सुरुवातीला आतल्या दाबाने आपोआप वर येतं. दाब उतरला की बाजूच्या विहिरीतून पाणी किंवा वायू आत ढकलून ते रेटावं लागतं. शेवटी शेवटी वर येणाऱ्यात तेल थोडं आणि पाणीच जास्त. तळाशी बरंचसं तेल राहूनच जातं.

म्हणून साठा एक आणि उपसा वेगळा. व्हेनेझुएलाकडे कागदावर जगातला सगळ्यात मोठा साठा आहे, ३०,००० कोटी बॅरलच्या वर. पण ते काकवीसारखं घट्ट, आणि ते काढायची यंत्रणा खिळखिळी झालेली. १९९० च्या दशकाच्या अखेरीस तो देश रोज तीस लाख बॅरलच्या वर काढायचा. अलीकडच्या वर्षांत दहा लाख गाठतानाही धाप लागलीय. सौदी अरेबियाचा साठा त्याहून कमी, उपसा रोज कोटीच्या घरात.

मेक्सिकोतलं कांतारेल हे तेलक्षेत्र तर गोष्टीत शोभेल असं. रुदेसिंदो कांतारेल नावाच्या मच्छीमाराला समुद्रात तेलाचा तवंग दिसत राहिला. त्याने तो सरकारी तेल कंपनीच्या कानावर घातला आणि त्याच्याच नावाचं प्रचंड क्षेत्र सापडलं. २००४ साली तिथून रोज २१ लाख बॅरल निघत होते. आठ वर्षांत ते पाच लाखांच्याही खाली आले. तेल संपलं नव्हतं. विहिरीने हात आखडता घेतला होता.

आपल्या दारातलं उदाहरण म्हणजे मुंबई हाय. 'सागरसम्राट' या जहाजाने फेब्रुवारी १९७४ मध्ये मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर अरबी समुद्रात तेल शोधलं, १९७६ मध्ये उपसा सुरू झाला. १९८० च्या दशकाच्या शेवटी तिथून रोज चार लाख बॅरलच्या वर तेल यायचं. आज त्याचा जेमतेम तिसरा हिस्सा येतो. भारताचा खप मात्र रोज ५५ लाख बॅरलच्या आसपास गेलाय आणि त्यातलं ८५ टक्क्यांहून जास्त कच्चं तेल आपण बाहेरून आणतो.

हबर्टची टेकडी आणि बोअरमधलं पाणी

एका विहिरीचं जे होतं ते सगळ्या देशाचंही होणार, असं १९५६ साली किंग हबर्ट या अमेरिकन भूशास्त्रज्ञाने सांगितलं. उपसा आधी चढत जाईल, माथ्यावर पोचेल, मग उतरेल. आलेख टेकडीसारखा. अमेरिकेचा माथा १९६५ ते १९७० च्या दरम्यान येईल, असं त्याचं भाकीत. लोकांनी त्याला वेड्यात काढलं. १९७० साली अमेरिकेचा उपसा खरोखरच शिखरावर पोचला आणि उतरणीला लागला. मग काय, हबर्टला देव्हाऱ्यात बसवलं. २००८ साली बॅरलचा भाव १४७ डॉलरला टेकला तेव्हा जगाचाही माथा आला, आता उतरणच, असं पुष्कळांना वाटलं. खरं सांगायचं तर मलाही वाटलं होतं.

त्या उतरणीवरच अमेरिका वळली आणि पुन्हा चढायला लागली. २००८ च्या सुमाराला तिचा रोजचा उपसा ५० लाख बॅरलवर आला होता, २०२३ पर्यंत तो १ कोटी ३० लाखांच्या आसपास गेला. ही करामत शेल या दगडाची. चिखलाचे थर दाबून झालेला हा दगड इतका घट्ट, की आतलं तेल पाझरतच नाही. मग आडवं भोक पाडून प्रचंड दाबाने पाणी आणि वाळू आत मारायची, दगडाला भेगा पाडायच्या आणि तेलाला वाट करून द्यायची.

यातलं तत्त्व आपल्याकडे अनोळखी नाही. कोरड्या पडलेल्या हातपंपाच्या बोअरमध्ये दाबाने पाणी मारून बुजलेल्या भेगा मोकळ्या करण्याचं काम आपलं भूजल खातंही करतं. पद्धतीला नाव तेच, हायड्रोफ्रॅक्चरिंग. माप मात्र शेततळं आणि जायकवाडी इतकं वेगळं.

मग हबर्ट चुकला? साध्या, सोप्या तेलापुरता नाही चुकला. नवं तंत्र आणि चढा भाव एकत्र आले की दुसरी टेकडी उभी राहू शकते, हे त्याच्या आलेखात नव्हतं. पण या दुसऱ्या टेकडीची मेख अशी, की शेलच्या विहिरीचा उपसा पहिल्या वर्षातच निम्म्याहून जास्त घसरतो. जागच्या जागी राहायलाही सारखी नवी भोकं पाडत राहावं लागतं.

आधुनिक तेलधंद्याची सुरुवात जिच्यापासून धरतात ती अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातली ड्रेक नावाच्या माणसाची तेलविहीर १८५९ ची. ती जेमतेम ६९ फूट खोल होती. आमच्या गावात आज ६९ फुटांवर बोअरला ओल लागली तर माणूस पेढे वाटेल. आता ब्राझीलजवळच्या समुद्रात दोन किलोमीटर पाणी, त्याखाली दगड, त्याखाली मिठाचा जाड थर, इतकं भेदून तेल काढतात. पन्नास फुटांवरचं पाणी आणि पाचशे फुटांवरचं पाणी चवीला सारखंच लागतं. फरक कळतो वीजबिल आल्यावर. तेलाच्या बाबतीतही, एक बॅरल बाहेर काढायला किती बॅरलची ऊर्जा खर्ची पडते हा आकडा हळूहळू वाढतोय, आणि मला साठ्याच्या आकड्यापेक्षा तो जास्त महत्त्वाचा वाटतो. तेल काढायलाच तेलाएवढी ऊर्जा लागायला लागली की खाली कितीही उरलेलं असो, ते तिथेच राहणार.

एवढं तेल आहे, तर भाव असे उड्या का मारतात?

याचं उत्तर लासलगावच्या बाजारात मिळतं. शंभर पोत्यांची गरज असताना पंच्याण्णव पोती आली तर कांद्याचा भाव पाच टक्क्यांनी वाढत नाही, दुप्पट होतो. फोडणी थांबवायला कुणीच तयार नसतं. तेलाचं तसंच आहे. १९७३ च्या ऑक्टोबरात अरब देशांनी पुरवठा आवळला आणि तीन डॉलरचं बॅरल काही महिन्यांत बारा डॉलरच्या आसपास गेलं. उलट बाजूही तशीच. लॉकडाऊनमध्ये, २० एप्रिल २०२० ला, अमेरिकेतल्या वायद्याचा, म्हणजे पुढच्या महिन्यात तेल उचलायच्या कराराचा, भाव शून्याच्याही खाली, उणे ३७ डॉलरवर गेला. तेल होतं, ठेवायला टाक्या नव्हत्या. रस्त्यावर टोमॅटो ओतणाऱ्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही.

दुसरं कारण वाटेचं. इराण आणि ओमानच्या मधली होर्मुझची सामुद्रधुनी सगळ्यात अरुंद जागी तेहेतीस-चौतीस किलोमीटर आहे. सुरळीत दिवसांत तिथून रोज सुमारे २ कोटी बॅरल जातात, म्हणजे जगाच्या खपाचा पाचवा हिस्सा. आपल्या स्वयंपाकघरातला निम्म्याहून जास्त गॅस आयातीचा, आणि त्यातला बहुतेक याच वाटेने येत आलाय. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. तेव्हा मिरजेला पाणी होतं, लातूरच्या नळाला नव्हतं. संकटाच्या दिवसासाठी आपण विशाखापट्टणम, मंगळुरू आणि पाडूर इथे खडकात पोकळ्या कोरून तेल साठवलंय. त्या पोकळ्या काठोकाठ भरल्या तरी देशाला साडेनऊ दिवस पुरतील.

"माणसंच फार झाली, त्याला तेल काय करणार?"

हे वाक्य मामांचंही आहे आणि एसटीत शेजारी बसणाऱ्या प्रत्येकाचं आहे. वरवर पाहता पटतंही. १९७४ साली जगात ४०० कोटी माणसं होती, नोव्हेंबर २०२२ मध्ये ८०० कोटी झाली. पण गंमत बघा : माणशी तेलाचा वापर १९७९ सालीच शिखरावर होता, त्यानंतर तो खालीच आहे. तेल महागल्यावर बऱ्याच देशांनी तेलावर वीज बनवणं सोडलं आणि गाड्याही कमी पिऊ लागल्या.

डोकी मोजण्यापेक्षा पेले मोजून बघा. रोजचं १० कोटी बॅरल सगळ्या माणसांत वाटलं तर वाट्याला साधारण दोन लिटर येतं. अमेरिकन माणूस रोज नऊ लिटरच्या वर वापरतो. आपण भारतीय सहाशे मिलिलिटर. एका अमेरिकन घरात बाळ जन्मलं तर तेलाच्या हिशेबात आपल्याकडे पंधरा जन्मल्यासारखं आहे. आणि उद्या आपण सगळे जगाच्या सरासरीइतकं, म्हणजे दोन लिटर वापरायला लागलो, तर भारताचा खप तिपटीहून जास्त होईल. त्यासाठी एकही नवं मूल जन्मायची गरज नाही.

तसा पाळणा मंदावलाच आहे. एका बाईला सरासरी २.१ मुलं झाली की लोकसंख्या दीर्घकाळात स्थिर राहते. १९९२-९३ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत भारताचा आकडा ३.४ होता, २०१९-२१ मध्ये २ वर आला. महाराष्ट्राचा तर १.७. चीनची लोकसंख्या २०२२ पासून घटतेय.

मग गर्दी वाढतेच कशी? मामांच्या घरात बघा. ते सहा भावंडं. मामांना तीन मुलं, त्या तिघांची मिळून पाच नातवंडं. पिढीगणिक पाळणा हलका झाला, तरी मामा लग्नाच्या पंगतीला बसतात तेव्हा तिन्ही पिढ्या एकाच वेळी पानावर असतात, आणि पूर्वीपेक्षा आजोबाही जास्त दिवस पंगतीत राहतात. रेल्वेला ब्रेक लावला तरी ती स्टेशन ओलांडून थांबते, तसं हे आहे. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अंदाजाप्रमाणे जगाची लोकसंख्या २०८० च्या दशकाच्या मध्याला सुमारे १,०३० कोटींवर जाऊन मग उतरू लागेल. आपली त्याच्या वीसेक वर्षं आधी, १७० कोटींच्या आसपास.

थोडक्यात तेलाला जड जाणार आहेत ती पाळण्यापेक्षा चाकं. सायकलवरून मोटारसायकलवर, तिथून चारचाकीत आलेला माणूस.

"सूर्य आहे, इथेनॉल आहे, मग अडलंय कुठं?"

आधी एक गैरसमज. घरावर सौर पॅनेल लावलं म्हणजे तेल वाचलं, असं नाही. आपल्याकडची बहुतेक वीज कोळशाची, तेलापासून नाममात्र. सूर्य कोळशाला हटवतो. तेलाला हात लावायचा तर गाडी विजेवर यावी लागते किंवा डिझेल इंजिनाच्या जागी सौर पंप यावा लागतो.

आणि तेल हटायला चिवट आहे, याला कारण त्यातला जोर. लिटरभर डिझेलमध्ये साधारण दहा युनिट ऊर्जा असते. इंजिनात बरीचशी वाया जाऊनही तीन युनिट कामाला येतात. कष्टाळू माणूस दिवसभर राबून अर्धा-पाऊण युनिट काम करतो. म्हणजे शंभर रुपयांच्या आसपास मिळणारी ही बाटली पाच गड्यांचा दिवस आहे, आणि तिला न्याहारी लागत नाही. किलोभर बॅटरीत जेमतेम पाव युनिट मावतं, किलोभर डिझेलमध्ये बारा. विजेची मोटर तिप्पट काटकसरी असल्याने तूट थोडी भरून निघते, सगळी नाही. म्हणून रिक्षा आणि स्कूटर भराभर विजेवर येतायत. २०२४ साली भारतात विकल्या गेलेल्या तीनचाकींपैकी निम्म्याहून जास्त बॅटरीवरच्या होत्या. मुंबईहून लंडनला जाणारं विमान मात्र अजून केरोसिनच्याच जातीचं इंधन पितं.

इथेनॉलबद्दल आपल्याकडे बोलणं नाजूक, कारण निम्म्या महाराष्ट्राचा ऊस त्यात आहे. २०२५ मध्ये पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचा टप्पा देशाने गाठला. आयात थोडी कमी झाली, कारखान्यांच्या हाती पैसा आला, हे मान्य. पण इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या दोन तृतीयांशच जोर असतो. शिवाय ते जातं पेट्रोलमध्ये, आणि देशात पेट्रोलच्या दुपटीहून जास्त खपतं ते डिझेल. वर ऊस पाणी पितो. २०२३ चा पाऊस दगा देऊन गेला तेव्हा डिसेंबरात सरकारला उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर लगाम घालावा लागला. जे इंधन पावसाकडे डोळे लावून बसतं त्याला पूरक म्हणावं, पर्याय म्हणू नये, असं माझं मत.

आणखी एक अडचण शुद्धीकरण कारखान्यातली. दूध घुसळलं की लोणीही निघतं आणि ताकही. मला फक्त लोणी दे, असं दुधाला सांगता येत नाही. कच्चं तेल तापवलं की गॅस, पेट्रोल, विमानाचं इंधन, डिझेल आणि शेवटी डांबर, सगळं एकाच कढईतून बाहेर पडतं. प्रमाण थोडं मागेपुढे करता येतं, एवढंच. सगळ्या स्कूटर विजेवर गेल्या तरी ट्रकला डिझेल लागेपर्यंत पेट्रोल बनतच राहणार.

तेलाचा भाऊ, नैसर्गिक वायू, तर थेट ताटात बसलाय. त्यापासून अमोनिया, अमोनियापासून युरिया. शंभरेक वर्षांपूर्वी हाबर आणि बॉश या जर्मनांनी बसवलेली ही पद्धत अलिबागजवळच्या थळच्या कारखान्यातही चालते. जगातल्या जवळपास निम्म्या माणसांचं पोट या कृत्रिम नत्रावर भरतं. गाडीला पर्याय सापडतोय. २६६ रुपयांच्या युरियाच्या गोणीला तितक्या स्वस्तात पर्याय अजून दिसत नाही. लोकसंख्या आणि तेल यांची खरी गाठ मला पंपापेक्षा इथे दिसते, आणि तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

मग ट्रॅक्टर?

मामांना मी सांगितलं, ट्रॅक्टर पंधरा-वीस वर्षं चालेल, तोवर डिझेल मिळणार. भावाची हमी मात्र ना मी देऊ शकत, ना कुठलं सरकार. आणि नातवाला कॉलेजला जायला जी स्कूटर घेताय ती बॅटरीचीच घ्या. पेट्रोलच्या गाडीला पंचेचाळीस किलोमीटरला लिटरभर, म्हणजे शंभराच्या वर रुपये लागतात, त्याच अंतराला दीड युनिट वीज पुरते. तो हिशेब त्यांनी पत्रकाच्या मागे स्वतः मांडून पाहिला, दोनदा.

पाडव्याला ट्रॅक्टर आला. स्कूटर त्याच्या आधीच आली होती. विहिरीवर दोन वर्षांपासून सौर पंप आहे, दिवसा चालतो, रात्री लाइटची वाट बघत जागायची पाळी येत नाही. जुनं पाच एचपीचं डिझेल इंजिन गोठ्यात गोणपाटाखाली झाकून ठेवलंय. भंगारवाला दोनदा येऊन गेला. मामांनी अजून दिलेलं नाही.